मरतामरता ठेवलेलं नाव

ईखाबोद हे नाव हिब्रू बायबलमध्ये दोनदाच येतं. दोन्हीदा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात: ४थ्या अध्यायाच्या शेवटी, नाव ठेवलं जातं तेव्हा, आणि १४व्या अध्यायात, दुसऱ्याच कुणाची ओळख सांगताना. हा माणूस किती जगला, त्याने काय केलं, त्याला मुलंबाळं होती का, याबद्दल एक अक्षर नाही. जन्मला आणि नाव मिळालं, एवढंच त्याचं चरित्र. पण ते नाव कुणाच्या तोंडून येतं, कुठल्या घटकेला येतं आणि कुठल्या शब्दांच्या शेजारी येतं, हे सावकाश पाहत गेलं की मला ते त्या अख्ख्या ग्रंथातलं सर्वांत घडीव नाव वाटू लागतं.

काळ साधारण इ.स.पू. ११व्या शतकाचा. इस्राएलात अजून राजा नाही. डोंगराळ भागातल्या शिलो या गावी देवाचं मंदिर आहे, तिथे कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण मानलेली पेटी, ठेवलेला आहे, आणि एली नावाचा म्हातारा याजक तिथला कारभार पाहतो. खाली सपाटीवर, यार्कोन नदीच्या झऱ्यांजवळच्या अफेकला, पलिष्ट्यांची छावणी पडली आहे. पहिल्या लढाईत इस्राएलाचे सुमारे ४,००० लोक पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, शिलोहून कोश आणू या, तो आपल्यात असला की आपण वाचू. एलीचे दोन मुलगे, हफनी आणि फिनहास, कोशाबरोबर येतात. छावणीत असा जयघोष होतो की जमीन दुमदुमते. आणि दुसऱ्या लढाईत ३०,००० पडतात, दोघे भाऊ मारले जातात, कोश शत्रूच्या हाती जातो.

त्याच दिवशी एक माणूस रणातून धावत सुटतो आणि कपडे फाटलेले, डोक्यात माती, अशा अवस्थेत शिलो गाठतो. अंतर सरळ रेषेत मोजलं तरी ३० किलोमीटरांहून जास्त, तेही सगळं चढाचं. एली रस्त्याच्या कडेला आसनावर बसला आहे. वय ९८, डोळे गेलेले. काय झालं बाळ, असं तो विचारतो. निरोप्या पायरीपायरीने सांगतो: इस्राएल पळाला, लोकांचा मोठा संहार झाला, तुझे दोन्ही मुलगे गेले, आणि देवाचा कोश नेला. निवेदक इथे मुद्दाम नोंदवतो की कोशाचं नाव निघालं तेव्हाच म्हातारा आसनावरून मागे कोसळला. मुलांच्या मरणाचं ऐकूनही तो बसलेलाच होता.

त्याची मान मोडली. का मोडली? कारण तो म्हातारा होता आणि जड होता.

या ‘जड’ शब्दापाशी मी दर वेळी थांबतो. हिब्रूत तो ‘कावेद’ आहे. पुढे तीनच वाक्यांनी नातवाचं नाव येणार आहे, आणि त्या नावात ‘कावोद’ आहे. काफ, बेथ, दालेथ ही तीच तीन व्यंजनं, तेच मूळ. कावोद म्हणजे देवाचं तेज, प्रतिष्ठा, वैभव, महिमा. भाषांतरकार यातला एखादा शब्द निवडतात आणि पुढे जातात. पण हिब्रू कानाला कावोदमध्ये आधी वजन ऐकू येतं. ज्याच्या असण्याला भार आहे, त्याला कावोद आहे.

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे ‘गौरव’ आहे, आणि गौरव आला ‘गुरु’पासून. गुरु म्हणजे जड. छंदात आपण आजही गुरु-लघु मोजतो. ज्याच्या शब्दाला वजन असतं त्याला वजनदार म्हणतो, भारदस्त म्हणतो. आणि ज्याला किंमत द्यायची नसते तो हलका. संस्कृत आणि हिब्रू या एकमेकींच्या कुणीच लागत नाहीत, तरी मान आणि वजन यांची गाठ दोघींनी स्वतंत्रपणे बांधली. म्हणून कावोदसाठी मला वैभवापेक्षा गौरव हा शब्द जवळचा वाटतो. वैभवात पसारा आहे, गौरवात भार आहे.

हा भार कथाकाराने फार आधीपासून पेरून ठेवला आहे. २ऱ्या अध्यायात एलीचे मुलगे काय करतात? लोक अर्पणाचं मांस शिजवत असतात तेव्हा यांचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन येतो, भांड्यात खुपसतो आणि जे लागेल ते उचलून नेतो. चरबी देवासाठी जाळायच्या आधीच यांना कच्चं मांस हवं असतं. मग एक देवमाणूस येऊन एलीला सुनावतो: तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांना जास्त मान दिलास, आणि माझ्या लोकांच्या अर्पणांतल्या उत्तम भागावर तुम्ही पुष्ट झालात. इथलं ‘मान देणं’ हे क्रियापद त्याच मुळाचं, म्हणजे ‘जड मानणं’. पुढे तो म्हणतो, जे मला मान देतील त्यांना मी मान देईन आणि जे मला तुच्छ लेखतील ते हलके होतील. ‘हलकं’ हा शब्दही तिथे अगदी अक्षरशः आहे. गुरु आणि लघु दोन्ही एकाच वाक्यात मांडून ठेवले आहेत.

आता पुन्हा एलीच्या मोडलेल्या मानेकडे पाहा. घरात वजन होतं, पण ते मांसाचं. देवाला द्यायचा भार अंगावर चढला आणि त्याच भाराने म्हाताऱ्याचा जीव घेतला. कथाकार याचा उच्चारही करत नाही. ‘जड होता’ एवढं म्हणतो आणि सुनेकडे वळतो. या संयमाला मी मनापासून दाद देतो.

आणि ते आसन. पुस्तकाच्या सुरुवातीला निपुत्रिक हन्ना मंदिरात येऊन मुकाट ओठ हलवत प्रार्थना करते, तेव्हा एली दाराच्या चौकटीपाशी आसनावर बसलेला असतो. तिला प्यायलेली समजतो. नंतर हन्नाला मुलगा होतो, शमुवेल, आणि ती जे स्तोत्र म्हणते त्यात दरिद्र्याला उकिरड्यावरून उचलून कावोदच्या आसनावर बसवणाऱ्या देवाचा उल्लेख आहे. आसन आणि कावोद हे दोन शब्द तिथे जोडीने येतात, आणि शिलोत आसनावर बसलेला आपल्याला एकच माणूस माहीत असतो. तो पडतो तेव्हा कशावरून पडतो हे सांगायची तशी गरज नव्हती. तरी सांगितलं आहे.

फिनहासाची बायको दिवस भरत आलेली. तिचं नाव कुठेच दिलेलं नाही. संस्कृतात गर्भवतीला गुर्विणी म्हणतात, म्हणजे पुन्हा जडच. हिब्रूत तो शब्द नाही, पण मराठीतून वाचताना मला तो आठवल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी शिलोत खरं वजन हिच्यापाशी होतं. कोश गेला, सासरा गेला, नवरा गेला, हे एकामागोमाग तिच्या कानावर येतं. ती वाकते आणि बाळंत होते, कारण वेणा अचानक तिच्यावर उलटतात.

ती मरणार हे भोवतालच्या बायकांना दिसतं. त्या म्हणतात, भिऊ नकोस, तुला मुलगा झाला आहे. ती उत्तर देत नाही, लक्षही देत नाही.

हे शब्द वाचकाने आधी ऐकलेले असतात. उत्पत्तीच्या ३५व्या अध्यायात एफ्राथाच्या वाटेवर याकोबाची बायको राहेल अशीच अडते, आणि सुईण तिला म्हणते, भिऊ नकोस, हाही तुला मुलगाच आहे. राहेल जीव जाताजाता मुलाचं नाव बेनोनी ठेवते. ‘माझ्या दुःखाचा पुत्र’ असा अर्थ त्यात ऐकू येतो. पण बाप शेजारी आहे. याकोब ते नाव मोडतो आणि मुलाला बन्यामीन म्हणतो, उजव्या हाताचा पुत्र. आईने दिलेलं दुःख बापाने पोरावरून उतरवलं. शिलोत तसं करायला कोण आहे? बाप रणात पडला, आजा वेशीपाशी मरून पडला. बेनोनीचं नाव बदललं. ईखाबोदचं बदलणारं माणूसच उरलं नव्हतं. आणि ही वाईट बातमी घेऊन धावत आलेला तो निरोप्या, तो कोणत्या वंशाचा? मजकुरात स्पष्ट लिहिलं आहे: बन्यामीनचा. त्या एका शब्दाने कथाकाराने राहेलची वाट शिलोच्या दारापर्यंत आणून सोडली आहे.

आता नावाचा पहिला तुकडा, ‘ई’. सगळी गंमत, आणि सगळं दुखणं, या एवढ्याशा अक्षरात आहे. त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेता येतो. ईयोबाच्या पुस्तकात तो नकारार्थी येतो. ज्यू इतिहासकार योसेफसने पहिल्या शतकात तसाच अर्थ दिला, गौरवहीन. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी ‘हाय’ असं ऐकलं, हंबरडा. आणि तिसरा अर्थ ‘कुठे’. गौरव कुठे आहे?

मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे, आणि त्याला भावनेपलीकडचं कारणही आहे. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा इथे १९२९पासून जे उत्खनन झालं त्यात उगारित हे प्राचीन नगर आणि त्याच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत बआल देवाची कथा आहे. बआल मेलेला, शेतं कोरडी पडलेली, आणि देव एकमेकांना विचारतात, बआल कुठे आहे, तो अधिपती कुठे आहे? त्या प्रश्नाची शब्दरचना ‘ई’नेच सुरू होते. अहाब राजाची राणी ईजबेल, तिच्या नावामागेही अनेक अभ्यासकांना हाच प्रश्न दिसतो: अधिपती कुठे? म्हणजे नाहीशा झालेल्या देवाला हाक मारून शोधण्याची ती त्या मुलखातली जुनी रीत होती. शिलोतल्या त्या बाईच्या ओठांवर तीच हाक आली असेल, तर तिने पोराला शेरा चिकटवला नाही. तिने एक प्रश्न मागे ठेवला.

नकार आणि प्रश्न यांत केवढं अंतर आहे! ‘गौरव नाही’ म्हटलं की विषय संपला. ‘गौरव कुठे’ म्हटलं की तो कुठेतरी आहे हे धरलेलंच असतं. आणि हे एका पोराचं नाव आहे, ते रोज उच्चारायचं आहे. तिन्हीसांजेला दारात उभं राहून त्याला जेवायला हाक मारणारी जी कुणी असेल, तिच्या तोंडून सगळ्या गावाला तो प्रश्न ऐकू जाणार.

याच मुळाचं आणखी एक नाव बायबलमध्ये आहे, मोशेच्या आईचं: योखेबेद. त्यातला ‘यो’ हा देवाच्या नावाचा तुकडा मानतात. अर्थ, परमेश्वर हाच गौरव. योखेबेद, ईखाबोद. दोन्ही नावं एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहा. एका बाजूला ठाम विधान, दुसऱ्या बाजूला त्याचाच प्रश्न झालेला. मिसरातल्या लव्ह्याच्या पेटीपासून शिलोच्या बाळंतघरापर्यंतचं अंतर जेमतेम काही ध्वनींच्या बदलात मावतं.

एक आणखी, जाताजाता. हिब्रूत यकृतालाही ‘कावेद’ म्हणतात, शरीरातला जड अवयव म्हणून. स्तोत्रांत काही ठिकाणी ‘माझा कावोद’ असं येतं तिथे अर्थ माझा जीव, माझं अंतर्याम असा होतो, आणि तिथे मुळात यकृताचाच शब्द असावा असं काही अभ्यासक मानतात. मराठीत काळीज म्हणजे मुळात यकृतच, पण आपण ते हृदयाच्या जागी बसवलं. ईखाबोदचं भाषांतर ‘काळीज कुठे’ असं कुणी करणार नाही, करूही नये. पण नवरा, सासरा आणि देव एका दिवसात गमावलेल्या बाईच्या तोंडी तो सूरही मला ऐकू येतो.

नाव ठेवताना ती कारण सांगते: इस्राएलातून गौरव निघून गेला. यातलं क्रियापद ‘गाला’. वरवर ‘गेला’, पण त्याचा नेमका अर्थ देशोधडीला लागणं, परागंदा होणं. इ.स.पू. ५८६मध्ये बाबेलच्या फौजेने यरुशलेम उद्ध्वस्त केलं आणि लोकांना हाकलून नेलं, त्या हद्दपारीला हिब्रूत जो शब्द आहे तो याच मुळाचा. होशेय संदेष्टा बेथ-आवेनच्या वासराच्या मूर्तीबद्दल बोलतो तेव्हा तोही कावोद आणि गाला हे शब्द जोडून वापरतो. यहेज्केल संदेष्टा बाबेलात बसून पाहतो की कावोद मंदिराच्या उंबऱ्यावर येतो, तिथून पूर्वेच्या दाराशी जातो आणि शहर सोडतो. ज्यांनी ही हद्दपारी भोगली त्यांनी शिलोची गोष्ट वाचली असेल तेव्हा त्या मरणाऱ्या बाईने सगळ्यांच्या आधी तो शब्द उच्चारला होता हे त्यांच्या ध्यानात आलं असणारच. माणसं जायच्या आधी गौरव निर्वासित झाला होता.

पण याच तीन अक्षरांचा दुसरा अर्थ आहे: उघड होणं, प्रकट होणं. आणि आदल्याच अध्यायात, त्याच मंदिरात, देव शमुवेलाला प्रकट झाला असं म्हणताना कथाकाराने याच धातूचं रूप वापरलं आहे. एका पोराला देव दिसू लागला, दुसऱ्या पोराच्या जन्माला तो दिसेनासा झाला. दोघांमध्ये फक्त काही पानं आहेत. शमुवेलाचं नाव पुढे जगभर गेलं, आपल्या कोकणातही आलं. तिथल्या बेने इस्रायली ज्यूंमध्ये शमुवेलचा सामाजी झाला आणि यहेज्केलचा हसाजी. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६मध्ये बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. कावोदच्या कथेची दोन टोकं एका मराठी नावात अशी शेजारी बसलेली पाहून मला फार आनंद होतो.

आता त्या बाईच्या बोलण्यातली सर्वांत बारीक गोष्ट. ती दोनदा बोलते. पहिल्यांदा नाव ठेवताना. तिथे निवेदक कारणं देतो: कोश नेला म्हणून, आणि सासरा व नवरा गेले म्हणून. लगेच पुढच्या वाक्यात ती पुन्हा तेच म्हणते, गौरव निघून गेला. या वेळी कारण एकच: कोश नेला. सासरा गळला, नवरा गळला. घाईने वाचणाऱ्याला ही निव्वळ पुनरुक्ती वाटते आणि काही टीकाकारांनी ती नकलेतली चूक ठरवली आहे. मला ते पटत नाही. हे श्वास सुटत चाललेल्या माणसाचं बोलणं आहे. एकेक नातं हातातून सुटतं आणि शेवटी जे उरतं ते ती धरून ठेवते. शिवाय तिचा नवरा कसा होता हे आपल्याला माहीत आहे. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांबरोबर तो आणि त्याचा भाऊ काय करत होते हे २ऱ्या अध्यायात सांगितलेलं आहे. तिने त्याच्याविषयी वाईट शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्यांदा बोलताना त्याला वगळलं. ७८व्या स्तोत्रात शिलोच्या पाडावाची आठवण येते तिथेही याजक तलवारीने पडले आणि त्यांच्या विधवा रडल्या नाहीत असा उल्लेख आहे. तिथे ते दुःख रडण्यापलीकडचं म्हणून सांगितलं असेल. मला मात्र तिथे हीच बाई दिसते, मुलगा झाला म्हटल्यावरही मान न वळवणारी.

एलीच्या घरातला कुणी जे समजला नाही ते तिला समजलं होतं. म्हाताऱ्यालाही कोशाच्या बातमीनेच धक्का बसला हे खरं, पण त्याने चाळीस वर्षं न्याय केला आणि मुलांना रोखलं नाही. गौरव कुणाचा, तो कशात असतो आणि कशाने जातो, हे त्या घरात उच्चारून दाखवलं ते फक्त हिने. आणि तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं. पलिष्ट्यांनी कोश अश्दोदला नेऊन दागोनच्या देवळात ठेवला. सकाळी पाहतात तो दागोन पालथा. उचलून बसवला, दुसऱ्या सकाळी डोकं आणि हात तुटून उंबऱ्यावर. मग परमेश्वराचा हात अश्दोदकरांवर जड झाला. पुन्हा तेच क्रियापद. अश्दोदहून गथ, गथहून एक्रोन, जिथे कोश जाईल तिथे गाठींचा रोग. शेवटी त्यांचेच पुरोहित म्हणतात, इस्राएलाच्या देवाला कावोद द्या, कदाचित तो आपला हात हलका करील. कावोद कुठे, असं शिलोत विचारलं गेलं होतं. पलिष्ट्यांच्या मुलखात लोक त्याच्या वजनाखाली दबून ओरडत होते. गौरवाने स्वतःला वाचवायला इस्राएलाची फौज मागितली नाही. नव्या गाडीला दोन दुभत्या गाई जुंपल्या, त्यांची वासरं घरी कोंडून ठेवली, आणि त्या गाई हंबरत, डावी-उजवीकडे न वळता, थेट बेथ-शेमेशला गेल्या.

कोश पलिष्ट्यांकडे किती काळ होता? सात महिने. म्हणजे तो परतला तेव्हा ईखाबोद जगला असेल तर सात महिन्यांचा होता, रांगायला लागला असेल. नाव ठेवायला ज्या घटनेने भाग पाडलं ती त्याला दात येण्याच्या सुमारास संपली होती. पण नाव राहिलं. कोशही शिलोला परतला नाही, किर्याथ-यारीमच्या डोंगरावरच्या घरात राहिला. शिलोच्या टेकडीवर, आजच्या खिरबेत सेलूनला, १९८०च्या दशकात खणलं तेव्हा त्याच काळातल्या मोठ्या आगीचा थर मिळाला: कोसळलेल्या भिंती, साठवणीची मोठी भांडी. परतायला जागा उरली नव्हती.

इंग्रजीत या नावाला नंतर बरंच आयुष्य मिळालं. अमेरिकेतल्या प्युरिटन घराण्यांत ते मुलांना ठेवत. वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२०मध्ये आपल्या भुताटकीच्या कथेतल्या किडकिडीत शाळामास्तरला ते दिलं, आणि १८५०मध्ये कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियरने राजकारणी डॅनियल वेब्स्टरवरच्या कवितेला तेच शीर्षक दिलं. गुलामगिरीच्या प्रश्नावर वेब्स्टरने तडजोड केली म्हणून. व्हिटियरने नावाचं वजन ओळखलं होतं. पण सगळीकडे अर्थ घेतला तो ‘गौरव गेला’ असाच, विधानाचा. प्रश्न कुणी ऐकला नाही.

राहिला तो दुसरा उल्लेख. १४वा अध्याय. बरीच वर्षं लोटली आहेत, शौल राजा झाला आहे, आणि मिग्रोनला डाळिंबाच्या झाडाखाली ६०० माणसांनिशी बसला आहे. समोर पुन्हा पलिष्टीच. सोबत एफोद हे याजकी वस्त्र ल्यालेला एक याजक आहे, अहीया. त्याची ओळख अशी करून दिली आहे: अहीटूबचा मुलगा, हा अहीटूब ईखाबोदचा भाऊ, तो फिनहासाचा मुलगा, तो शिलोतल्या एलीचा. वंशावळीत काकाचं नाव घालायचं काही कारण नसतं. बाप, आजा, पणजा पुरतात. पण लोकांना अहीटूब ओळखू येत नसावा; ‘ईखाबोदचा भाऊ’ म्हटलं की ओळखू येई.

लढाईची गडबड सुरू होते. शौल त्या अहीयाला म्हणतो, देवाचा कोश इकडे आण. ग्रीक भाषांतरात तिथे एफोद आहे. हिब्रू मजकुरात मात्र कोशच आहे. ज्याच्या काकाच्या नावात तो कोश हरवल्याचा प्रश्न कोरलेला, त्यालाच पलिष्ट्यांसमोर पुन्हा कोश आणायला सांगितलं जातं. अहीया हात पुढे करतो. तेवढ्यात शत्रूच्या छावणीतला गोंधळ वाढत जातो, आणि राजा त्याला म्हणतो, हात मागे घे.